ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत हिंदू मुलाला चर्चला जायची सक्ती असते का? हजेरीचं काय?

तुम्ही पुण्यातल्या औंधच्या स्पायसर ॲडव्हेंटिस्ट युनिव्हर्सिटीबद्दल (ॲडव्हेंटिस्ट हा ख्रिश्चनांमधलाच एक पंथ) विचारलंय, तर आधी एक सांगते, ही पुणे विद्यापीठाच्या अंडर नाहीये, 2014 च्या कायद्याने झालेली स्वतंत्र युनिव्हर्सिटी आहे, त्यामुळे फर्ग्युसन किंवा एसपी कॉलेजवाल्या मित्रांचे नियम इथे लावू नका, ॲडमिशनच्या वेळी स्टुडंट हँडबुक मागून घ्या आणि सही करायच्या आधी वाचा. (कोणी वाचत नाही, मग बोंबलतात.)

आता मेन मुद्दा. घटनेच्या कलम 28(3) प्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत तुमच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही, आणि मुलगा 18 च्या आतला असेल तर संमती पालकांची लागते. म्हणजे फॉर्मवर चॅपलबद्दल (कॉलेजातल्या प्रार्थनासभेबद्दल) काही छापलं असेल तर तिथे सही म्हणजे संमती असंच धरलं जाऊ शकतं, तेव्हा नको असेल तर तेव्हाच ऑफिसात विचारा आणि उत्तर लेखी घ्या, नंतर सेमिस्टरच्या मध्ये भांडून काय उपयोग.

शनिवारचं म्हणाल तर ॲडव्हेंटिस्ट लोक शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळतात, त्यामुळे आपला रविवार-सुट्टीचा हिशोब तिथे गृहीत धरू नका, टाइमटेबल बघूनच क्लास, पार्टटाइम जॉब ठरवा. दारू-सिगरेटला त्यांच्यात अजिबात थारा नाही, हॉस्टेलला राहणार असाल तर हे पक्कं डोक्यात ठेवा.

हजेरी 75 टक्के धरून चला. रॅगिंगविरोधी हमीपत्र तर कुठेही गेलात तरी भरावंच लागतं, विद्यार्थ्याचं वेगळं, पालकांचं वेगळं.