कोल्हापूर चपलांचं शहर कसं झालं? अथणीची चप्पल ‘डुप्लिकेट’ का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अथणी म्हणजे आता कर्नाटकात असलेलं बेळगाव जिल्ह्यातलं गाव, आणि तिथली चप्पल डुप्लिकेट नाही. दुकानदारानं तसं सांगितलं असेल तर त्याला त्याचा माल खपवायचा होता, एवढंच.

मी सांगलीचा. आमच्याकडं चप्पल म्हणत नसत, पायताण म्हणत. आजोबांचं पायताण मिरज-कागवाड रस्त्यानं अथणीहून यायचं आणि तरी घरात त्याला ‘कोल्हापुरी’च म्हणायचे. यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव, विजापूर, धारवाड हे जिल्हे मुंबई राज्यातच होते. धंदा आधीचा, सीमा नंतरची.

हा धंदा याच पट्ट्यात का रुजला, हे नकाशा समोर धरला की कळतं. कातडं कमवायला लागतो हिरडा आणि बाभळीची साल. हिरडा पश्चिमेच्या सह्याद्रीच्या जंगलात, बाभळी आणि जनावरं पूर्वेच्या कोरड्या माळावर. कोल्हापूर बरोबर मधे. कातडं आधी चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस काढायचे, मग साल-हिरड्याच्या पाण्यात मुरवायचं. यात आठवडेच्या आठवडे जातात. परंपरेनं कमावण्याचं काम ढोर समाजाकडं आणि शिवण्याचं चर्मकारांकडं. वेणी घालणं, नक्षीची बारीक कामं बऱ्याच घरांत बायकाच करतात, हे मात्र दुकानात कुणी सांगत नाही.

मग नाव कोल्हापूरचंच का? कारण तिथं दरबार होता आणि पेठ होती. राजर्षी शाहू महाराजांनी (1894 ते 1922) संस्थानात या कारागिरांना आणि चामड्याच्या धंद्याला आधार दिला. गावोगावचा माल कोल्हापूरच्या बाजारात जमायचा, तिथून बाहेर जायचा, आणि गिऱ्हाइकाला माल कुठल्या गावचा यापेक्षा तो कुठं विकत घेतला हेच लक्षात राहतं. आजही शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनीत उभं राहिलं की हे पटतं. पण प्रकारांची नावं ऐका: कापशी हे कागल तालुक्यातल्या कापशीवरून, कुरुंदवाडी हे कुरुंदवाडवरून. कुरुंदवाड तर पटवर्धनांचं संस्थान, आमच्या सांगलीसारखंच. म्हणजे शहराच्या नावाखाली खेडी दडलेली आहेत.

1970 च्या आसपास हिप्पींच्या पायात ही चप्पल गेली आणि परदेशी मागणी वाढली. पुढं रबर-प्लॅस्टिक स्वस्त झालं, कारागिरांची पोरं दुसरीकडं वळली. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (म्हणजे ठरावीक भागात बनलेल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यांना मिळून: इकडं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर; तिकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. तुमच्या दुकानदाराला ही यादी दाखवा. जून 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये अशाच चपला कोल्हापूरचं नावही न घेता दाखवल्या. ओरड झाल्यावर मूळ भारतातलं असल्याचं मान्य केलं. आमच्या कट्ट्यावर तेव्हा चर्चा रंगली ती त्यांच्या किमतीचीच.

घेताना गावाचं नाव विचारण्यापेक्षा चप्पल उलटी करून बघा. खऱ्या हातशिलाईच्या चपलेत खिळे नसतात, तळ चामड्याच्याच वादीनं शिवलेला असतो. मी एकदा सांगलीत एका दुकानातून घाईनं जोड घेतला, पहिल्या वळवात तळ फुगला आणि आतून चक्क पुठ्ठा निघाला. अस्सल जोडही पावसात घालू नकाच, ओला झाला तर सावलीत वाळवा. सुरुवातीला अंगठा चावतोच. रात्री आतल्या बाजूनं खोबरेल तेल लावून ठेवा, आठवड्याभरात पायाला बसते.