तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : ‘झाओ’, दोन ‘ऑल एल्स फेल्ड’ आणि बसलेला आवाज

प्रश्न : पुतण्या ‘झाओ’ नावाच्या अमेरिकन बँडची गाणी लावतो. नुसती आरडाओरड. वर सांगतो की हा ख्रिस्ती बँड आहे! असल्या गाण्यांना चर्चमध्ये उभं तरी कोण करतं? (एक वाचक, वसई)

उत्तर : पुतण्या थापा मारत नाही. ‘झाओ’ हा मेटलकोर, म्हणजे हार्डकोर पंक आणि मेटल यांच्या मिश्रणाचा बँड 1993 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ओहायो नदीकाठच्या पार्कर्सबर्ग गावात सुरू झाला. नाव ग्रीक, अर्थ ‘जगणे’. ही वाट आधीच थोडी मळलेली होती. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा ‘द क्रुसिफाइड’ 1984 पासून पंक आणि थ्रॅश मेटलच्या वेगात येशूचं नाव घेत होता.

रविवारच्या उपासनेत ही गाणी कोणी लावत नसे. कार्यक्रम व्हायचे ते चर्चच्या तळघरात, युवक मंडळाच्या हॉलमध्ये, नाहीतर भाड्याच्या सभागृहात. त्यामागे सरळ व्यवहार होता. अमेरिकेत दारू पिण्याचं वय 21. त्यामुळे बारमध्ये कार्यक्रम ठेवला तर शाळकरी पोरांना बहुतेक ठिकाणी दारातूनच परत जावं लागे, आणि या संगीताचा श्रोता तर तोच. चर्चचा हॉल स्वस्तात मिळे, दारूचा प्रश्नच नसे आणि आईबापही निर्धास्त असत.

मोठा मेळा म्हणजे इलिनॉयमधला कॉर्नरस्टोन महोत्सव. शिकागोच्या ‘जीझस पीपल यूएसए’ या ख्रिस्ती समूहाने तो 1984 ते 2012 भरवला, आणि 1991 पासून तो बुशनेल गावाजवळच्या शेतजमिनीवर होई. ज्यांना मुख्य मंचावर जागा मिळत नसे ते बँड स्वतःचा जनरेटर आणून तंबूंच्या मधेच वाजवायला उभे राहत. या प्रकाराला नावच पडलं ‘जनरेटर स्टेज’. उरलेला प्रसार ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांनी केला. तिथे तक्ते लावलेले असत : बाहेरचा अमुक बँड आवडत असेल तर आपल्यातला तमुक ऐका. हे तक्ते बरेचदा हास्यास्पद असत, पण गल्ल्यावर त्यांचा उपयोग होई.

प्रश्न : ‘ऑल एल्स फेल्ड’ या एकाच नावाचे दोन अल्बम सापडतात. खरा कोणता? आणि इतके गायक बदललेल्या बँडला तोच बँड म्हणायचं कसं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दोन्ही खरेच आहेत. पहिला 1995 चा, ‘स्टेडफास्ट’ या लहान लेबलवर (अल्बम काढणाऱ्या कंपनीकडून) निघालेला. त्यात आवाज शॉन जोनासचा. मूळ गायक एरिक रीडर त्याच्याआधीच बाहेर पडला होता. दुसरा 2003 चा. तीच गाणी नव्याने वाजवून ध्वनिमुद्रित केलेली, आवाज डॅनियल वेयँटचा, लेबल ‘सॉलिड स्टेट’. फाइलवर वर्ष नसेल तर कानाने ओळखा : ध्वनिमुद्रण पातळ आणि कच्चं असेल तर 1995, जड आणि घट्ट असेल तर 2003. आमचं मत विचाराल तर जुनाच ठेवा. 2003 चा सफाईदार आहे, पण या गाण्यांना सफाई मानवत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात या बँडचा सगळा इतिहास येतो. 1997 च्या ‘द स्प्लिंटर शार्ड्स द बर्थ ऑफ सेपरेशन’नंतर ड्रमर जेसी स्मिथ सोडून सगळे बाहेर पडले. स्मिथने वेयँट आणि गिटारवादक रस कॉग्डेल व ब्रेट डेटार यांना घेतलं आणि बँडचा मुक्काम पेनसिल्व्हेनियातल्या ग्रीन्सबर्गला हलला. 1998 चा ‘व्हेअर ब्लड अँड फायर ब्रिंग रेस्ट’ या संचाचा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सुरुवात इथून करावी. वेयँटचा आवाज जोनासपेक्षा कोरडा, खरवडणारा. शेवटचा श्वास ओढून शब्द बाहेर काढल्यासारखा. पुढच्या दहा वर्षांत कितीतरी मेटलकोर गायक हेच करू पाहत होते.

लगेच पुढच्या वर्षी, 1999 मध्ये, ‘लिबेराते ते एक्स इन्फेरिस’ आला. त्याची मांडणी इटालियन कवी दान्तेच्या काव्यातल्या नरकाच्या पहिल्या पाच वर्तुळांवर बेतलेली आहे : लिंबो, कामांध, खादाड, कंजूष व उधळे, क्रोधी. नाव मात्र घेतलं ‘इव्हेंट होरायझन’ या 1997 च्या भयपटातल्या लॅटिन वाक्यावरून. तोवर डेटार ‘द ज्युलियाना थिअरी’ या आपल्या सौम्य बँडकडे गेला होता आणि स्कॉट मेलिंजर गिटारवर आला होता. पुढे स्मिथही गेला. म्हणजे 1993 चा एकही माणूस उरला नाही. तरी ज्या आवाजामुळे लोक ‘झाओ’ ओळखतात तो 1998 पासून वेयँटचाच आहे, आणि रिफमधला, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांमधला, उदासपणा मोठ्या प्रमाणात मेलिंजरचा. बँड तोच आहे. फक्त त्याचं जन्मसाल मनातल्या मनात 1998 धरा.

प्रश्न : ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी अल्बमला ‘देवाची अंत्ययात्रा’ असं नाव द्यावं? (एक वाचक, पणजी)

उत्तर : ‘द फ्युनरल ऑफ गॉड’, 2004. ही एक सलग कल्पना आहे. माणसांनी दुर्लक्ष केल्यावर देवच त्यांना सोडून जातो आणि मग मागे राहिलेल्या जगाचं काय होतं, हे गाण्यांतून येतं. त्यात देवाची टिंगल नाही. रोख आहे तो माणसावर. हेही खरं की वेयँटच्या लेखनात श्रद्धेची आनंदी साक्ष कधी फारशी नव्हतीच. शोक, पाप आणि शंका यांवरच त्याचा भर. नंतर बँडने ‘ख्रिस्ती बँड’ ही पाटीही मिरवली नाही. 2006 चा ‘द फिअर इज व्हॉट कीप्स अस हिअर’ ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीने ध्वनिमुद्रित केला, तोही ‘फेरेट’ या धर्माशी संबंध नसलेल्या लेबलसाठी. 2016 चा ‘द वेल-इन्टेन्शन्ड व्हायरस’ त्यांनी स्वतःच्याच लेबलवर काढला.

प्रश्न : अमेरिकेत असताना घेतलेल्या अशा बँडांच्या डेमो कॅसेट आहेत. संगणकावर उतरवल्या तर आवाज दबका येतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी कॅसेट उघड्या बाजूने पाहा. फितीमागे स्पंजचा किंवा नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो फितीला हेडवर (डेकमधल्या आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुटतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज दबतो, वर-खाली होतो. एखाद्या टाकाऊ कॅसेटमधला तुकडा काढून बसवा. कवच स्क्रूचं असेल तर पूर्ण फीतच दुसऱ्या कवचात घालणं सोपं.

तुकडा जागेवर असेल तर हेड आणि धातूचा कॅप्स्टन (फीत पुढे ओढणारी दांडी) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. रबरी चाकाला अल्कोहोल वारंवार लावू नका, रबर कडक होतं. सौम्य साबणाचं पाणी पुरतं. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो.

यानंतरही दबकं वाटलं तर दोष अ‍ॅझिमथचा, म्हणजे हेडच्या कोनाचा. घरोघरी नकला केलेल्या डेमोंत हे हमखास होतं, कारण प्रत्येक डेकचा कोन वेगळा. हेडशेजारी स्प्रिंग असलेला स्क्रू असतो. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि स्क्रू अगदी थोडा फिरवत झांजा सगळ्यात स्पष्ट वाजतील तिथे थांबा. तोवर डॉल्बी (डेकमधली खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवा. कोन चुकलेला असताना डॉल्बी लावली तर उरलीसुरली चमकही जाते. कोन बसल्यावर, कॅसेटवर ‘डॉल्बी बी’ लिहिलं असेल तरच ती चालू करा.

ध्वनिमुद्रण 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर करा आणि सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. खरखर काढण्याचे प्रयोग मूळ फाइलवर नकोत, प्रतीवर करा. या गाण्यांत गिटारची घरघर आणि फितीची खरखर एकाच पट्ट्यात येतात. जास्त सफाई केली की झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या होतात.

प्रश्न : असं गायला गेलं की तासाभरात गळा बसतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जोर गळ्यातून लावताय. आधी हळू आवाजात करा. मोठेपणा माइकने आणायचा असतो. खरा घोगरेपणा स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांतून येतो, त्यामुळे हवा पोटातून, बरगड्या फुगवून द्या आणि गळा सैल ठेवा. रोज 15 ते 20 मिनिटं पुरेत, मधे पाणी. दुखलं किंवा खाजलं की त्या दिवसापुरतं बंद. आवाज तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. आणि माइकची जाळी मुठीत धरू नका. मागच्या फटी बंद झाल्या की माइक सगळ्या बाजूंचा आवाज ओढतो, मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) शिट्टी मारतो, आणि स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून तुम्ही आणखी ओरडता.