कमळ मेलं नाही, झोपलंय

प्रश्न : थंडी सुरू होताच टाक्यातल्या कमळाची पानं करपली. उपटून टाकू का?

उत्तर : अहो, थांबा! मीही एकदा असंच उपटलं होतं. चिखलातून टणक, पांढरं खोड हाती आलं तेव्हा जीभ चावली. कमळ बहुवर्षायू आहे. पानं जातात, गाळातलं आडवं खोड जगतं. त्याचा काप पाहिलात तर भोकंच भोकं दिसतील. पानांतली हवा त्या नळ्यांतून खाली पोचते, म्हणून प्राणवायू नसलेल्या चिखलातही ते गुदमरत नाही. वाळके देठ पाण्याखाली कापू नका, नळ्यांत पाणी शिरतं.

आणि फुलाचा थाट तर विचारूच नका : बाहेर १० अंश असलं तरी उमलताना ते आतली ऊब ३० अंशांच्या वर राखतं. भुंगेरे मुक्कामालाच येतात!