बहिणीच्या लग्नासाठी घरीच व्हेल (नवरीने डोक्यावरून घ्यायचं जाळीचं वस्त्र) शिवायची आहे. नेटच्या कडांना पिको करू, लेस लावू की रिबन?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत चर्चमध्ये लग्न आहे, बहिणीला हाताच्या बोटांपर्यंत येणारी एकेरी व्हेल हवी आहे, घरी सरळ टीप मारणारं साधं मशीन आहे, आणि कडा उसवतील याची तुम्हाला काळजी वाटते. मी वसईत गाऊन आणि व्हेल शिवते. नाताळ उलटला की लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, लागेपर्यंत आमच्याकडे लग्नांची रीघ असते, आणि दर हंगामात कुणाची तरी आई किंवा बहीण हाच प्रश्न घेऊन येते.

आधी काळजी दूर करते: नेट उसवत नाही. साध्या कापडात उभे-आडवे धागे नुसते एकमेकांवरून गेलेले असतात, म्हणून कापलं की सुटतात. नेटमध्ये धागे एकमेकांत अडकवून घरं तयार केलेली असतात, त्यामुळे एक घर कापलं तरी शेजारचं जागेवर राहतं. असं जाळीदार कापड पूर्वी हातानेच विणत. इंग्लंडच्या जॉन हीथकोटने 1809 च्या सुमारास त्याचं यंत्र काढलं आणि मग नेट वारावर विकत मिळू लागलं. सांगायचं एवढंच, की कडेला काही केलं नाही तरी तुमची व्हेल सुटणार नाही. कड शिवायची ती व्हेल पडते कशी आणि दिसते कशी यासाठी. कडेला जे लावाल त्याचं वजन सगळ्या व्हेलला ओढतं, म्हणून मी नेहमी चालेल तेवढी हलकी कड निवडायला सांगते.

नेट घेताना 'सॉफ्ट नेट' मागा. कॅनकॅन, म्हणजे कडक नेट, अजिबात नको. ते गाऊनच्या आत घेर फुलवायला असतं, त्याची कापलेली कड मानेला टोचते. मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये नेट आणि भुलेश्वरला लेस मिळते. पांढऱ्यात शुभ्र, ऑफव्हाइट, आयव्हरी अशा छटा असतात, म्हणून गाऊनच्या कापडाचा तुकडा सोबत न्या आणि दुकानाबाहेर उजेडात येऊन जुळवा. ट्यूबलाइटखाली सगळे पांढरे सारखेच वाटतात.

माप व्हेलला शिवलेला कंगवा केसांत जिथे बसेल तिथून बोटांच्या टोकापर्यंत घ्या. साधारण 38 ते 42 इंच येतं. रुंदीला 54 इंची पन्हा पुरतो. चेहऱ्यावर पदर घ्यायचा असेल तर लांबीत आणखी 28-30 इंच धरा. तो पदर वेदीपाशी वडील उचलणार की नवरा, हे घरात आधी ठरवा, कारण त्यावर पुढची लांबी थोडी कमीजास्त करावी लागते.

आता कापणं. माझ्या मते व्हेलचं निम्मं काम इथेच होतं, आणि लोक नेमकी इथेच घाई करतात. नेटला आधी सुती कापड घालून अगदी मंद इस्त्री करा. इस्त्री जास्त तापली तर नायलॉन वितळतं. मग नेट रुंदीत मधोमध दुमडा. टेबलावर गडद रंगाची चादर आणि तिच्यावर साधा पांढरा कागद घाला, म्हणजे नेट सरकणार नाही. वर्तमानपत्र घालू नका, शाई लागते. खालचा कोपरा 10-12 इंच त्रिज्येचा गोल आखा आणि नेट दुमडलेलंच असताना कापा, म्हणजे दोन्ही कोपरे सारखे येतात. कात्री नवी धार लावलेली हवी. पात्यांची टोकं पूर्ण मिटू द्यायची नाहीत, मधल्या भागानेच लांब लांब कापत जायचं. टोक मिटलं की तिथे बारीक खाच पडते आणि नंतर फोटोत दिसते. मेणबत्तीने कड भाजून घ्या असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. नायलॉनचे कडक मणी तयार होतात आणि ते गाऊनला अडकतात.

एवढं नीट कापलं की कड तशीच ठेवता येते. गाऊनवर भरपूर काम असेल, मोती असतील, भरतकाम असेल, तर माझा सल्ला हाच: कड मोकळी ठेवा. चर्चच्या पायऱ्यांवर वाऱ्यात ती जशी तरंगते तशी लेस लावलेली व्हेल तरंगत नाही.

गाऊन साधा असेल आणि कडेला एक रेघ हवी असेल तर पिको चांगला दिसतो. पण साडीच्या पदराचा पिको आणि नेटचा पिको यांत फरक आहे. नेट ताणलं जातं, मशीनच्या भोकात खेचलं जातं, आणि गोल कोपऱ्यावर कड लाटांसारखी होते. गल्लीतल्या फॉल-पिकोवाल्या ताईंना आधी उरलेल्या तुकड्यावर करून दाखवायला सांगा. नेटखाली बटर पेपरची पट्टी धरून शिवायचं आणि नंतर कागद फाडून काढायचा. शिवण अगदी कडेवर न घालता पाव इंच आत घातली आणि बाहेरचं नेट नंतर बारीक कात्रीने शिवणीलगत कापलं, तर रेघ फार सुबक येते. तुमच्या मशीनला झिगझॅग नाही, म्हणून हे काम बाहेरूनच करून घ्या. हाताने करायचं असेल तर कडेवर एक जाडसर रेशमी दोरा धरून त्याच्यावरून काजटाका घाला. वेळ लागतो, पण मशीनपेक्षा सुंदर होतं.

काहीजणी पिकोच्या आत तंगूस, म्हणजे नायलॉनचा कडक दोरा, घालून कड फुलवतात. खांद्यापर्यंतच्या व्हेलला ते शोभतं, लांब व्हेलला नाही.

सॅटिनची रिबन मला तुमच्या व्हेलसाठी पटत नाही. रिबन सरळ रेषेत चांगली बसते, गोलाईत वळत नाही, चुण्या पडतात. शिवाय बोटांपर्यंतच्या व्हेलची कड बरोबर कमरेखाली येते आणि ती ठळक पांढरी रेघ फोटोत बहिणीच्या अंगाला आडवी कापते. लावायचीच असेल तर पाव इंचापेक्षा रुंद नको.

लेसबद्दल जरा जास्त सांगते, कारण साध्या मशीनवर ती तुम्हाला छान जमेल. 42 बाय 54 इंचाच्या व्हेलला कोपरे गोल केल्यावर, कंगव्याची वरची बाजू सोडून, कडेचा घेर साधारण 128 इंच, म्हणजे सव्वातीन मीटर होतो. लेस 4 मीटर घ्या. कंगव्यापासूनच लेस सुरू केली तर सगळं वजन वर येतं आणि कंगवा मागे ओढला जातो. म्हणून कोपराच्या उंचीपासून खाली लावा आणि सुरुवातीला लेसमधली फुलं एकेक सुटी कापून विरळ करत न्या, म्हणजे लेस अचानक सुरू झाल्यासारखी दिसत नाही. लेस नेटच्या वर ठेवा, नक्षीची बाजू बाहेर. गोल कोपऱ्यावर बाहेरच्या कडेला जास्त लांबी लागते, म्हणून लेस बाहेरच्या कडेने मोजून ठेवा आणि आत जे जास्तीचं उरेल ते बारीक धावदोरा घालून आवळून बसवा. लेस ताणून बसवली की कोपरा आत मुडपतो. आधी सगळीकडे कच्चा धावदोरा घाला, टाचण्यांच्या भरवशावर राहू नका, त्या नेटमधून निसटतात. मग लेसच्या आतल्या कडेने टीप मारा आणि शेवटी लेसखालचं नेट मागून हलकेच कापून टाका.

मशीनला 9 किंवा 11 नंबरची नवी सुई लावा, टीप थोडी मोठी आणि ताण जरा सैल ठेवा. सुरुवात करताना वरखालचे दोन्ही दोरे हातात धरा, नाहीतर नेट भोकात जातं. नेटमधून सगळं आरपार दिसतं, म्हणून गाठी मारू नका. त्याच जागी दोन-तीन बारीक टाके घेऊन दोरा कापा. मोती लावायचे असतील तर प्रत्येक मोती स्वतंत्र पक्का करा. एका मोत्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ओढत नेला तर तो पाठीमागून रेघेसारखा दिसतो.

वरच्या बाजूला धावदोऱ्याच्या दोन ओळी घालून चुण्या साडेतीन-चार इंचांत आवळा, त्यांना पातळ रिबनचा गोट द्या आणि कंगव्याच्या प्रत्येक दातामधून दोरा फिरवून शिवा. लग्नाला जे केस बांधणार आहेत त्यांच्याकडे केशरचनेच्या चाचणीला व्हेल घेऊन जा. अंबाडा वर असेल आणि कंगवा त्याच्या खाली खोचला तर लांबी तीन-चार इंचांनी बदलते, आणि लेस लावण्याआधी हे कळलं तर वरून कमी करता येतं. तोवर व्हेल घडी घालून ठेवू नका. हँगरला टांगा आणि वर जुनी सुती चादर घाला.

गाऊनचा फोटो टाकलात तर मोकळी कड ठेवायची की लेस लावायची ते नेमकं सांगेन.