‘आई, पृथ्वी जळून जाईल का?’

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. मोठ्या भावासोबत तिने तापमानवाढीवरचा व्हिडिओ पाहिला. तेव्हापासून रोज झोपताना विचारते, ‘आई, पृथ्वी जळून जाईल का?’ मी ‘काही होत नाही, झोप’ म्हणते. ते तिला पटत नाही, मलाही नाही. या वयात किती सांगावं? आणि तिने काय करावं?
– एक आई

उत्तर : आज रात्रीच तिला सांगा, ‘नाही, पृथ्वी जळून जाणार नाही.’ हे खरं आहे. ‘काही होत नाही’ हे मात्र खरं नाही, आणि मुलांना ते आपल्या आवाजावरूनच कळतं. म्हणून लगेच पुढचंही सांगा, ‘पृथ्वी हळूहळू तापते आहे. का तापते ते माणसांना कळलंय, आणि पुष्कळ जण त्यावर काम करताहेत.’

‘का’ समजवायला पांघरूण घ्या. पृथ्वीभोवती कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचं पांघरूण आहे. ते वाईट नाही, हे आधी सांगा. ते नसतं तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 अंशांच्या आसपास असतं. कोळसा, पेट्रोल जाळून जाळून आपण ते जाड केलं. कारखान्यांचं युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते, आता 420हून जास्त आहेत. हे आकडे तुमच्यासाठी. तिच्या अंगावर एकावर एक चादरी घाला, ‘उकडतंय’ म्हणाली की मग बोला.

थोडी मोठी झाली की युनिस फूट यांची गोष्ट सांगा. 1856 साली या बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि निवायलाही फार वेळ लागला. माझ्या वर्गातल्या मुली ही गोष्ट पुन्हा पुन्हा मागायच्या.

आता ‘काय करावं’. पहिलीच्या वर्गाकडून मी एकदा ‘दिवा बंद, पंखा बंद’ एवढंच घोकून घेतलं होतं. आठवड्याने एक आजी भेटायला आल्या. नातू रात्री उठून त्यांचा पंखा बंद करत होता आणि पुन्हा चालू केला की रडत होता. सहा वर्षांच्या पोरावर मी अख्ख्या पृथ्वीचं ओझं टाकलं होतं. त्याला जवळ घेऊन सांगितलं, ‘आजीला पंखा हवाच. रिकाम्या खोलीतला तेवढा आपण बंद करू.’ ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

तेव्हा तिला तिच्या हाताएवढीच कामं द्या, तीही तुमच्यासोबत. जवळ जायचं तर चालत जा. ताटात घेतलेलं संपवा. टाकलेलं अन्न कचऱ्याच्या ढिगात कुजताना मिथेन सुटतो, तोही पांघरूण जाड करतो. बी पेरा, दर रविवारी रोपाची उंची वहीत लिहायला लावा. मोठी कामं मोठ्यांची. ती तुम्ही करताय हे तिला दिसू द्या.

झोपताना ओझोनची गोष्ट सांगा. आकाशात उंचावर ओझोन वायूचा थर उन्हातले घातक किरण अडवतो. तो विरळ करणारी रसायनं थांबवायचं 1987मध्ये मॉन्ट्रियल करारात देशांनी ठरवलं, आणि तो थर आता सावरतो आहे. तो प्रश्न वेगळा होता, सोपाही होता. पण मोठ्यांनी मिळून काहीतरी निस्तरलं, हे तिच्या कानावर पडायला हवं.

तो व्हिडिओ तिने पुन्हा मागितला तर दोघी मिळून बघा, मध्ये थांबवत, बोलत. फक्त रात्री नको.