स्फोटक नसलेला गोळा रणगाडा निकामी कसा करतो?

"आत स्फोटकच नसेल तर नुसती धातूची कांडी रणगाड्याचं काय वाकडं करणार?" असं तुम्ही विचारलंय. लष्कराच्या एका प्रदर्शनात मीही हेच विचारलं होतं. टेबलावर बाजूने कापलेला गोळा ठेवला होता. तिथले हवालदार म्हणाले, "सर, हा गोळा नाहीच, बाण आहे."

आणि दिसतोही तसाच. टंगस्टनच्या मिश्रधातूची लांब कांडी (अमेरिकन लोक युरेनियमची वापरतात), शेपटाला पाती, आणि कमरेला ॲल्युमिनियमच्या तीन फाकी. या फाकींना सॅबो म्हणतात. खरी गंमत त्यांच्यातच आहे. तोफेतल्या वायूला ढकलायला रुंद बूड हवं, पण चिलखतात घुसायला टोक बारीक हवं. सॅबोमुळे दोन्ही साधतं. 125 मिमीची नळी भरून जाते, आणि बाहेर पडताक्षणी हवेच्या दाबाने फाकी केळ्याच्या सालीसारख्या सुटतात. पुढे जाते ती जेमतेम अडीच-तीन सेंमी जाडीची कांडी.

वेग सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त. दोन किलोमीटरवरचा रणगाडा सव्वा सेकंदात गाठते, तोफेचा आवाज तिथे पोचायला सहा सेकंद लागतात. साडेचार किलोची कांडी 1,500 मी. प्रतिसेकंद वेगाने धरली तर ऊर्जा येते सुमारे 50 लाख ज्यूल. म्हणजे 15 टनांची भरलेली बस ताशी 90-95 किमीने येऊन आदळावी, तीही एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर! ऊर्जेच्या हिशेबात वेगाचा वर्ग होतो, म्हणून वजनापेक्षा वेगाला भाव.

ती भोक पाडते म्हणजे ड्रिलसारखी फिरत जात नाही. त्या दाबाखाली पोलाद आणि कांडी दोन्ही चिखलासारखी वाहू लागतात. फळ्यावर खडू झिजावा तशी कांडी झिजत आत जाते, म्हणूनच ती लांब हवी. इतकी लांब कांडी नुसत्या गरगर फिरण्याने सरळ राहत नाही, म्हणून पाती आणि बहुधा गुळगुळीत नळी. आपल्या 'अर्जुन' रणगाड्याची नळी मात्र आटे (गोळ्याला फिरवणाऱ्या पिळदार खाचा) पाडलेली आहे. त्यामुळे पुण्याच्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेला गोळ्यावर घसरणारा पट्टा द्यावा लागला, म्हणजे नळीतले आटे पट्ट्याला फिरवतात, कांडीला फारसे नाही.

पार झाल्यावर घात करतात ते चिलखताचेच आत उडालेले तप्त तुकडे. टी-72 या रशियन रणगाड्यात तर गोळे आणि दारू बुरुजाखालच्या (तोफ बसवलेल्या वरच्या भागाखालच्या) फिरत्या चकतीत रचलेली असते. तिला आग लागली की बुरुजच उडतो. 1991 च्या आखाती युद्धात इराकी टी-72 ची ही गत झाली. दरवेळी इतकं होतंच असं नाही. इंजिन किंवा तोफ गेली तरी रणगाडा लढाईतून बाद.

यावर तोड निघालीच. टी-90 या रशियन रणगाड्याच्या चिलखतावर बसवलेल्या कॉन्टॅक्ट-5 नावाच्या स्फोटक भरलेल्या विटा कांडी आदळताच फुटतात आणि जाड पत्रा तिरका भिरकावतात. कांडी बारीक आणि लांब, त्यामुळे आडवा तडाखा बसला की वाकते किंवा तुटते.