वाचकांचे प्रश्न : जुने गोवे बघायचे कसे?

प्रश्न : आमच्या धर्मशिक्षण वर्गाची मुले (वय १० ते १४) दरवर्षी जुन्या गोव्याला जातात, फोटो काढतात आणि परत येतात. त्यांना इतिहासाची आणि श्रद्धेचीही गोडी लागावी यासाठी काय करावे? — एक शिक्षिका, म्हापसा

उत्तर : एका दिवसात सात चर्च उरकायची म्हटले की तिथेच बिघडते. तिसऱ्या वेदीनंतर मुलांना सगळ्या वेद्या सारख्याच दिसू लागतात. तीनच जागा ठरवा आणि प्रत्येक ठिकाणी पाऊण तास थांबा. त्यातली पहिली दहा मिनिटे कुणी काही सांगायचे नाही. मुलांनी फक्त बघायचे आणि दोन प्रश्न लिहून काढायचे. माहिती आधीच दिली तर मुले तेवढीच शोधतात. सात-आठ मुलांमागे एक मोठे माणूस हवे. रविवारी सकाळी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) असतात, म्हणून शनिवार बरा. पुरातत्त्व संग्रहालय बघायचे असेल तर शुक्रवार टाळा.

ऊन चढण्याआधी मोंते सांतो या टेकडीवर संत ऑगस्टीनच्या चर्चच्या भग्नावशेषांपाशी पोचा. तिथे सावली जवळजवळ नाही, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून हमखास पाय घसरतो. १६०२ मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चचा सुमारे ४६ मीटर उंचीचा अर्धाच बुरूज का उरला, हे मुलांनाच ओळखू द्या. १८३५ मध्ये धर्मसंघ बंद झाले आणि मठ ओस पडला. देखभाल थांबली की जांभा पाणी पीत राहतो, सांध्यांत झाडे रुजतात. १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग गेला. इथली घंटा मात्र १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. परतताना ती जरूर दाखवा.

याच जागी राणी केतेवानची हकिकत सांगा. जॉर्जियाच्या या राणीने ख्रिस्तश्रद्धा सोडायला नकार दिला, म्हणून १६२४ मध्ये शिराझ येथे तिला हालहाल करून मारण्यात आले. ऑगस्टीनियन साधूंनी तिचे काही अवशेष गोव्याला आणले. ते मठात कोणत्या खिडकीपाशी ठेवले, हे पोर्तुगीज नोंदींत होते. पण खिडकीच ढिगाऱ्याखाली गेलेली. पुरातत्त्व खात्याने जुने कागद आणि उरलेल्या भिंती यांचा मेळ घालत शोध घेतला, तेव्हा हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने डीएनए तपासला. त्यातला मातृवंश (आईकडून मुलांकडे येणारी डीएनएची खूण) भारतीय नमुन्यांत आढळला नाही, जॉर्जियात मात्र आढळतो. २०२१ मध्ये भारताने अवशेषाचा भाग जॉर्जियाला दिला. कागद, दगड आणि हाड एकमेकांची साक्ष कशी देतात, हे मुलांना इथे उभ्या उभ्या कळते. आणि या बाईने एवढे का सोसले, हा प्रश्न मुलेच विचारतात. धर्मशिक्षणाचा तास तिथूनच सुरू करा.

से कॅथेड्रलपुढे एकच विचारा : इथे काय कमी आहे? दुसरा मनोरा १७७६ मध्ये पडला.

बॉम जेझू बॅसिलिकाची मुख्य वेदी खालून वर वाचायची. खाली बाळ येशू, त्यावर संत इग्नेशियसची मोठी मूर्ती, तिची नजर वरच्या तेजोवलयातल्या येशूनामाकडे, आणि सर्वांत वर पवित्र त्रैक्य. मुलांना हे कागदावर रेखाटायला लावा. तिथेच असलेली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांची चांदीची पेटी उंचावर असल्याने नीट दिसत नाही, पण खालच्या चौथऱ्यावरचे काशाचे चार फलक बघता येतात. पेटी गोव्याच्या सोनारांनी १६३७ च्या सुमारास घडवलेली. चौथरा फ्लॉरेन्सहून आला आणि १६९८ मध्ये बसवला.

प्रश्न : चर्चमधल्या थडग्यांच्या शिळा झिजल्या आहेत. त्या वाचायच्या कशा? — एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये जा, फरशीभर अशा शिळा आहेत. टॉर्च वरून मारला तर अक्षरे सपाट दिसतात. तो जमिनीलगत, बाजूने धरा; खाचेत सावली पडून अक्षर उठून दिसते. चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या, कारण एका बाजूने न दिसलेली रेघ दुसऱ्या बाजूने दिसते. आधी साल आणि कुलचिन्ह टिपा, मग नाव. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो, आणि अक्षरावरची आडवी रेघ म्हणजे गाळलेला ‘एम’ किंवा ‘एन’. खडू, पीठ, तेल लावू नका, कागद ठेवून घासूही नका. तेल दगडात मुरते आणि धूळ धरून ठेवते. शिवाय संरक्षित स्मारकाची हानी हा गुन्हा आहे.

प्रश्न : इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाबद्दल, वाचल्यापासून ही चर्च बघताना मन अस्वस्थ होते. मुलांना ते सांगावे का? — एक पालक, फोंडा

उत्तर : सांगावे, आणि सालासकट. १५६० ते १८१२, मधली १७७४ ते १७७८ ही वर्षे वगळून, ते न्यायालय गोव्यात होते. त्याचा वाडा से कॅथेड्रलजवळच होता, आज त्याचा मागमूस नाही. देवळे पाडली गेली हेही सांगा. झाकून ठेवलेले मुलांना पुढे दुसरीकडून कळते, आणि मग शिकवणाऱ्यावरचाही विश्वास उडतो. प्रभूवरची श्रद्धा म्हणजे राज्यकर्त्यांच्या प्रत्येक कृत्याचे समर्थन नव्हे.

त्याच काळात, १५७९ मध्ये आलेले इंग्रज जेझुइट (येशूसंघाचे) धर्मगुरू थॉमस स्टीफन्स दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहून मराठी शिकले आणि त्यांनी ओव्यांमध्ये क्रिस्तपुराण हे ख्रिस्तकथेचे काव्य रचले. ते १६१६ मध्ये साष्टीतल्याच रायतूरला छापले गेले. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. या दोन्ही गोष्टी मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवा, आणि वर्गात क्रिस्तपुराणातल्या दहा-बारा ओव्या मोठ्याने वाचा. रायतूरची सेमिनरी (धर्मगुरू घडवणारी शाळा) आजही चालू आहे, तेव्हा मुलांना नेण्याआधी तिथे परवानगी विचारा.